हिराचा तारखांचा गठ्ठा

हिरा ओव्हाळ गणितात बी.एस्सी. झाली आणि १९७३ साली वडगावजवळच्या पंपांच्या कारखान्यात लागली. भाज्याहून चालत मळवलीला यायचं, सकाळची पॅसेंजर धरायची, वडगावला उतरायचं. तिचे वडील, आबा, मळवलीच्या गँगमध्ये रुळांवर काम करायचे. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी त्यांनी पाच वर्षांच्या हिराला शाळेत घातलं होतं.

कारखान्याला स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता. प्रोग्रॅम कागदावर लिहायचा, एकेक ओळ एकेका कार्डावर भोकं पाडून उतरवायची आणि दर बुधवारी कार्डांची पेटी जीपमध्ये घालून पुण्याच्या संगणक केंद्रात न्यायची. चूक निघाली की पुढच्या बुधवारपर्यंत थांबायचं.

कारखान्याचे तीन प्रोग्रॅम होते. एक यंत्रांच्या देखभालीचा, एक कामगारांच्या पाळ्यांचा, एक माल पाठवण्याचा. तिन्ही प्रोग्रॅमना पुढच्या तारखा काढाव्या लागत. दर पंधरा दिवसांनी, दर दुसऱ्या शनिवारी, दर महिनाअखेर. प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या परीनं त्या काढायचा आणि तिन्हींचा एकमेकांशी मेळ नव्हता. पाळीच्या यादीत ज्या दिवशी सुटी, त्याच दिवशी मालाच्या यादीत गाडी भरायची असे.

पंचाहत्तर साली हिरा खातेप्रमुख काळोखे साहेबांकडे गेली. "साहेब, तारखांचं काम एकदाच नीट लिहू या. कार्डांचा एक गठ्ठा. ज्याला तारीख हवी, त्यानं तो आपल्या प्रोग्रॅमला जोडायचा."

"आणि त्यात चूक राहिली तर? तिन्हीकडे चुकेल."

"दुरुस्त केली की तिन्हीकडे दुरुस्तही होईल."

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट दोनदा फिरवला. "सहा बुधवार देतो," ते म्हणाले.

पहिले तीन बुधवार बारीकसारीक चुका काढण्यात गेले. चौथ्या बुधवारी देखभालीची यादी छापून आली आणि ती हिरानं मोठ्या ऐटीत फलकावर लावली. दुसऱ्या दिवशी क्रेनवरचा फिटर गोरख ती यादी हातात घेऊनच ऑफिसात शिरला. तिकोणा पेठ गावचा माणूस, आवाज दणदणीत.

"ताई, क्रेनची साखळी महिनाअखेरीला तपासायची. जानेवारीची एकतीस, फेब्रुवारीची अठ्ठावीस, बराबर. पर मार्चची अठ्ठावीस, एप्रिलची अठ्ठावीस! तुमच्या यंत्राचा फेब्रुवारी सरतच न्हाई का?"

सगळं ऑफिस हसलं. हिराचे कान तापले. तिनं यादी घेतली, खुर्ची ओढली आणि चूक शोधायला बसली. ती तासाभरात सापडली. गठ्ठा प्रत्येक तारीख मागच्या तारखेवरून काढत होता. फेब्रुवारीनं एकतीस खाली ओढून अठ्ठावीसवर आणली आणि पुढचे सगळे महिने त्या अठ्ठावीसवरूनच मोजले गेले. महिनाअखेर ठरली होती, हे गठ्ठ्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

पण एवढ्यावर ती थांबली नाही. वही घेऊन थेट यंत्रांच्या शॉपमध्ये गेली. "गोरखभाऊ, महिनाअखेर रविवारी आली तर साखळी कधी बघता?"

"शनवारीच. साखळी बघितल्याबिगर सोमवारी क्रेनला माल उचलू द्यायचा न्हाई मी."

"आणि तेल?"

"त्येला काय, सोमवारी घातलं तरी चालतंय."

तीन दिवस ती असंच विचारत हिंडली. तिच्या ध्यानात आलं, की 'दर महिन्याला' हे शब्द सगळे वापरतात, पण प्रत्येकाच्या मनात वेगळंच असतं. तिनं गठ्ठा नव्यानं लिहिला. आता प्रत्येक कामाचा मूळ नियम कार्डावर राहणार होता, तारीख दर वेळी त्या नियमावरून निघणार होती, आणि सुटी आली तर आधी सरकायचं की नंतर, हे त्या कामानंच सांगायचं होतं.

सहाव्या बुधवारी ती साहेबांबरोबर पुण्याला गेली. केंद्राच्या लोकांनी मुद्दाम पुढच्या वर्षाची, १९७६ची, यादी काढायला सांगितली. छापील कागद बाहेर आला. केंद्रातल्या एका गृहस्थांनी साखळीच्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

"फेब्रुवारीची अठ्ठावीस? बाई, शहात्तर लीप वर्ष आहे. एकोणतीस विसरलात."

काळोखे साहेबांचा चेहरा पडला. हिरानं कागद आपल्याकडे ओढून पाहिला.

"विसरले नाही. त्या वर्षी एकोणतीस तारखेला रविवार येतो. साखळी आदल्या दिवशी बघायची, असं तिच्या कार्डावर आहे. खालची ओळ बघा, तेलाची. ते सोमवारी, एक मार्चला आलंय."

गृहस्थांनी कागदावर आकडेमोड केली. पुन्हा केली. मग पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाले, "या गठ्ठ्याची एक प्रत आम्हाला मिळेल का?"

"मिळेल," काळोखे साहेब म्हणाले. मग हिराकडे वळून म्हणाले, "त्याआधी एक कार्ड पंच करून सगळ्यात वर लाव. यंत्रासाठी नाही, माणसांसाठी. त्यावर तुझं नाव घाल."

हिरानं तिथल्याच पंचिंग मशिनवर बसून नाव उतरवलं. पहिलं कार्ड बिघडलं, शेवटचं अक्षर दोनदा उमटलं. ते तिनं पर्समध्ये टाकलं आणि दुसरं केलं.

घरी तिनं ते बिघडलेलं कार्ड आबांना दाखवलं. आबांनी ते उजेडासमोर धरलं. "ह्यात तुजं नाव कुटं हाय?"

तिनं वरच्या कडेची बारीक अक्षरं वाचून दाखवली आणि त्यांच्याखालची भोकं. आबा एकेका भोकावरून अंगठा फिरवत राहिले.

वर्ष संपेतो केंद्रामार्फत गठ्ठा पाच कारखान्यांत चालू लागला. एकदा शेजारच्या सरूबाईनं विचारलं, "हिरा तितं करती तरी काय?" हिरा आत भाकरी थापत होती. तिला आबांचा आवाज ऐकू आला.

"माज्या बाला सोताची जल्मतारीख ठावं नव्हती, सरू. कुनी साहेब इचारायचा, तवा तो म्हनायचा, प्लेगाच्या साली झालो असंल. आन आता पाच कारखाने हायेत, माजी पोरगी सांगंल त्याच तारखेला तितली यंत्रं तपासत्यात."