लेझरपुढचा पत्रा

मोठ्या बहिणीचा नवराच विभागप्रमुख असला, तर माणसाने भांडायचं कुठे? घरी भाऊजी, प्रयोगशाळेत सर.

धातूच्या तुकड्यावर प्रोटॉनचा मारा केला की नाना जातींचे किरणोत्सारी अणू तयार होतात. त्या गर्दीतून हवे तेवढेच अणू वेचायचे, त्यांचा एकेक इलेक्ट्रॉन उडवायचा आणि मग त्यांचा झोत करायचा. त्यासाठी लागणारे लेझरचे तीन रंग मी शोधले, डोळ्यांची पार वाट लावून. लेख छापून आला तो एकट्या भाऊजींच्या नावाने. ताई म्हणाली, घरातलंच आहे की, तुझं काय नि त्यांचं काय. मी जेवण अर्धवट टाकून उठले आणि तेव्हापासून डूख धरला.

आमच्याकडे एक रीत आहे. झोत मिळाला की लेझरपुढे काळा पत्रा धरायचा. पडद्यावरचा अणूंचा आकडा कोसळला, तर अणू आपले. तसाच राहिला, तर नुसत्या उष्णतेने इलेक्ट्रॉन उडालेले भलतेच अणू आपण मोजतोय. भाऊजींना त्याचा भारी कंटाळा. झोताचा वेळ फुकट जातो म्हणायचे.

म्हणूनच परीक्षक समिती यायच्या दिवशी सकाळी मी दुसरा रंग केसभर सरकवून ठेवला.

संरक्षक चष्मे चढवून सगळे लेझरच्या खोलीत उभे होते, कौतुकाने आलेली ताईसुद्धा. भाऊजी पडद्याकडे बोट दाखवून आपला पराक्रम सांगत होते. ते थांबल्यावर मी गरीब गायीसारखा चेहरा करून विचारलं, "सर, पत्रा धरायचा ना?"

समितीच्या अध्यक्षीणबाईंनी लगेच मान डोलावली. मी पत्रा धरला. आकडा ढिम्म हलला नाही.

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. ही रंगांची जुळणी कुणाची, असं बाईंनी विचारलं. आजवर 'माझी' म्हणताना भाऊजींची जीभ कधी अडखळली नव्हती.

"हिची," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. "तिन्ही रंग हिनेच शोधलेत. मी फक्त विश्वास ठेवला."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" मी म्हटलं आणि दुसरा रंग जागेवर आणला.

आकडा चढायला लागला. पत्रा धरला, कोसळला. काढला, पुन्हा चढला. एकदा दाखवून पुरलं असतं, पण मी तीनदा दाखवलं. ताई माझ्याकडे बघतच नव्हती, नवऱ्याकडे बघत होती.

मग मी पत्रा त्यांच्या हातात दिला.

"आता तुम्ही धरा, भाऊजी."

प्रयोगशाळेत मी त्यांना पहिल्यांदाच भाऊजी म्हटलं.