सरांचा सत्कार

“सरांना ऐकू येतं ना अजून नीट?” ग्रीनरूममध्ये पाऊल टाकताच तिने सरांच्या मुलीला, ताईला, पहिला प्रश्न हाच विचारला.

“कान चांगले तिखट आहेत. शेजारचा रेडिओ जरा खरखरला तरी मला पिटाळतात, बंद करायला सांग म्हणून.” ताई हसली. “पण तुमच्याइतकी चौकशी कुणी करत नाही हो त्यांची. दरवर्षी वाढदिवसाला फोन. बाकीचे शिष्य कुठल्या कुठे गेले.”

फोन ती करायची हे खरं. सर धडधाकट आहेत ना, एवढंच तिला कळायला हवं असायचं. मेलेल्या माणसाला काही ऐकवता येत नाही.

आज सरांना पंच्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. सभागृह खचाखच भरलं होतं. देशोदेशी पियानोच्या मैफली गाजवलेली त्यांची शिष्या म्हणून ती आधी दोन शब्द बोलणार होती आणि मग वाजवणार होती.

अकरा वर्षांची असताना, वाजवताना एका अवघड जागी ती तिसऱ्यांदा अडखळली होती. सरांनी काही न बोलता पियानोचं झाकण खाली आपटलं. बाकीची बोटं तिने ओढून घेतली, उजव्या हाताची अनामिका तेवढी खाली सापडली. “दार लागलं पोरीला. वेंधळी आहे,” सरांनी तिच्या आईला सांगितलं. घरी गेल्यावर तिने खरं काय ते सांगितलं, तेव्हा आई भाजी चिरता चिरता म्हणाली, “बाहेर बोलू नकोस. असा मास्तर दुसरा मिळायचा नाही.” तेही खोटं नव्हतं. बोट वाकडंच जुळलं, आणि ती पुढची सात वर्षं त्याच पियानोवर, त्याच माणसासमोर बसली.

त्या बोटात पुन्हा जोर आला नाही. नवी रचना हाती आली की ती आधी तांबडी पेन्सिल घेऊन बसायची. जिथे अनामिका लागते तिथे मधलं बोट घालायचं, नाहीतर करंगळी ताणायची. इतरांना आठवडा पुरायचा तिथे तिला महिना लागायचा. समीक्षक लिहायचे, ‘हिच्या वादनाचा बाजच वेगळा.’ एकदा लग्न ठरलं होतं. तो म्हणाला, “तुझ्या घरात त्या पियानोशिवाय कुणाला जागा आहे का?” तिने खरं उत्तर दिलं, आणि लग्न मोडलं.

प्रत्येक मैफलीच्या पत्रिकेवर गुरू म्हणून सरांचं नाव छापलं जायचं. तिने ते कधी काढायला लावलं नाही. वर चढू दे, चांगलं उंच चढू दे, असं ती मनाशी म्हणायची.

अध्यक्षांनी तिचं नाव पुकारलं. पहिल्या रांगेच्या कडेला सर चाकांच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर फुलांचा गुच्छ. ताई त्यांच्या मागे उभी होती. व्यासपीठावर चढून ती माइकसमोर गेली आणि शांतपणे, एकही शब्द न वाढवता, झाकणाची हकीकत सांगितली.

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. अध्यक्ष गहिवरले. “असे गुरू आता राहिले नाहीत!”

चाळीस वर्षं दातांखाली धरलेली गोष्ट, आणि या लोकांनी तिचा हार करून सरांच्याच गळ्यात घातला होता.

“टाळ्या नकोत,” ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. तिने उजवा हात वर धरला. “हे बोट सरळ होत नाही. मी कौतुक करत नाहीये. यांनी एका पोरीचं हाड मोडलं, आणि तिच्या आईशी खोटं बोलले.”

टाळ्या थांबल्या.

“दार लागलं होतं हिला!” सर खुर्चीतून कडाडले. “तेव्हाच सांगितलं होतं मी! कृतघ्न!”

लोक एकमेकांकडे पाहू लागले. कुणीतरी म्हणालं, “जाऊ द्या हो, वय झालंय त्यांचं.” अध्यक्ष माइककडे निघाले.

“दार नव्हतं, बाबा,” ताई म्हणाली.

ती मोठ्याने बोललीच नव्हती, पण पहिल्या चार रांगांनी ते ऐकलं. “मी जिन्यात होते. बर्फ मीच आणला होता.”

सरांनी मान वळवायचा प्रयत्न केला. ताई मागे उभी होती, तिचा चेहरा त्यांना दिसेना. “घरी ने मला,” ते म्हणाले.

“नेते. त्यांचं बोलून होऊ दे.”

पण तिच्याजवळ बोलायला काही उरलं नव्हतं. ती न वाजवताच खाली उतरली. लोक माना खाली घालून बाहेर पडले. सरांकडे कुणी आलं नाही. हे असंच व्हावं, हेच तिला हवं होतं. ती दाराशी उभी राहून शेवटचा माणूस जाईपर्यंत पाहत राहिली.

मग खुर्ची ढकलत ताई आली.

“तुम्ही मोकळ्या झालात,” ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता. “मला आता घरी जाऊन यांना भरवायचंय. उद्याही, परवाही.”



दाराबाहेर रस्त्यापर्यंत लांब, गुळगुळीत उतार होता. ताईने पाय रोवले, तरी खुर्ची पुढे ओढ घेऊ लागली. तिने पर्स खांद्यावर अडकवली आणि ताईच्या शेजारी येऊन खुर्चीची दुसरी मूठ धरली.

“हळू,” सर म्हणाले.

रस्ता येईपर्यंत दोघींनी खुर्ची घट्ट धरून ठेवली.