अनंतरावांचं राखीव पिंप

‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण ज्यानं रचली तो आपल्याच शहरातला असणार, आणि रचली त्या दिवशी त्याच्या नळाला पाणी आलेलं नसणार. जायकवाडी हाकेच्या अंतरावर. पण नळ येणार आठवडा उलटल्यावर, तोही स्वतःच्या मर्जीनं. म्हणून इथं घरोघरी माणसांपेक्षा पिंपं जास्त. पैठण रस्त्याला, चितेगावच्या अलीकडं जी नवी वसाहत झाली, तिथं तर बादल्या, घागरी, कुकर भरून संपले की लोक देवाचं ताम्हनसुद्धा भरून ठेवत. एकानं पाहुण्याचं हेल्मेट भरून ठेवलं होतं. पाहुणा कुरकुरला, तर त्याला म्हणाले, ‘राहा की पुढच्या नळापर्यंत.’

या वसाहतीचे अध्यक्ष अनंतराव, कलेक्टर कचेरीतले निवृत्त अव्वल कारकून. ज्या साली लातूरला आगगाडीनं पाणी न्यावं लागलं, त्या साली त्यांनी बाहेरच्या जिन्याखाली एक निळं पिंप भरलं आणि घरात जाहीर केलं, हे संकटाचं पाणी, याला कुणी हात लावायचा नाही. पुढं संकटं आली नि गेली, पण पिंप उघडण्याइतकं मोठं त्यांना एकही वाटलं नाही. दर नळाला फडकं जरा सरकवून वरून चार तांबे ओतायचे, काठोकाठ करायचं आणि दसऱ्याला पिंपाला हळदकुंकू वाहायचं. तोंडाला बांधलेलं जुनं धोतर विरून त्याची चाळणी झाली होती. पण राखीव पाण्याचं वस्त्र वरचेवर बदलू नये, असं अनंतरावांचं मत होतं.

मुरू देणं हा त्यांचा धर्मच. कचेरीत त्यांच्या टेबलावरून एकही कागद मुरल्याशिवाय पुढं गेला नाही. एकाचा जन्माचा दाखला म्हणे इतका मुरला, की तो न्यायला त्याचा नातू आला. आणि राग तर अनंतरावांनी ताजा कधी वापरलाच नाही.

सध्या त्यांच्याकडं दोन राग मुरत होते. पहिला वसाहतीमागच्या तळ्यावरच्या पक्ष्यांचा. दुसरा त्या पक्ष्यांची बाजू घेणाऱ्या सुनेचा.

सून नीरजा विद्यापीठात शराटी पक्ष्यावर संशोधन करत होती. अंग पांढरं, डोकं काळं नि उघडं, चोच कोयत्यासारखी वाकडी. शहर वाढलं तशी तळी बुजली, तळ्यांसोबत घरट्यांची झाडं गेली, आणि त्या वर्षी श्रावणही कोरडा गेला. मग उरलेले सारे शराटी या एका तळ्याकाठच्या बाभळींवर दाटीवाटीनं येऊन बसले. घरट्यांत पिल्लं होती. नीरजा रोज सकाळी दुर्बीण घेऊन तिकडं जाई, नि रोज सकाळी अनंतराव फिरायला त्याच बाभळींखालून जात. एकदा त्यांच्या धुतलेल्या टोपीवर नेमका वरून प्रसाद पडला. तेव्हापासून युद्ध. ते थाळी बडवून पक्षी हाकलायला लागले. आठवडाभरात पक्ष्यांना ठेका इतका आवडला, की थाळी थांबली की ओरडत.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण भाद्रपदात वसाहतीतली पोरं तापानं फणफणायला लागली.

अनंतरावांचा मुलगा, म्हणजे नीरजाचा नवरा, श्रीरंग याची हमरस्त्यावर रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब होती. त्यानं फ्लूची कार्डं आणली. नाकात काडी फिरवायची, ती डबीतल्या द्रवात बुडवायची, त्याचे थेंब कार्डावर टाकायचे, रेघ उठते का बघायची. इथवर ठीक. पण रेघ उठली नाही की पोरांचे आईबाप म्हणत, ‘नीट बघा की राव, पोरगं भट्टीसारखं तापलंय.’ आणि श्रीरंग बापाच्या हाताखाली वाढलेला. तो कार्ड कोपऱ्यात ठेवी. मुरू दे. संध्याकाळपर्यंत ‘ए’ या अक्षरासमोर फिकट रेघ उमटेच. आपला रिपोर्ट कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवत नाही, याचा त्याला अभिमान होता.

पक्ष्यांचा फ्लूही ‘ए’ जातीचाच, हे कुणीतरी मोबाइलवर वाचलं. झालं! अख्ख्या वसाहतीनं एका संध्याकाळी ठरवून टाकलं की पोरांचा ताप बाभळीवरून गळतो.

त्याच आठवड्यात अनंतरावांची नात, नीरजाची मुलगी स्वरदाही आजारी पडली. दुसरीतली पोर, दिवसभर बडबडणारी, ती डोळ्यांमागं दुखतं म्हणून भिंतीकडं तोंड करून पडली. अनंतरावांचा जीव तिच्यात. ते तिच्या उशाशी बसत, बाहेर येऊन तळ्याकडं बघत आणि दात खात.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या अंगणात बैठक भरली. साहेबराव आघाडीवर. त्याची शेती वसाहतीत गेलेली, आता तो जेसीबी चालवी. त्याचा मुलगा गोकुळही तापानं पडला होता, त्यामुळं तो भांडायला आला नव्हता, मारायला आला होता.

“सकाळी येतो मशीन घेऊन. बाभळी बी नाय ठेवत नि तळं बी नाय,” साहेबराव म्हणाला. “पाखरं लई झाली, पोरं थोडी हायती.”

श्रीरंगनं आतून स्वरदाचं कार्ड आणलं. रेघ होती. बायका हळहळल्या, पुरुषांनी नीरजाकडं असं पाहिलं की तिच्या जागी दूध असतं तर नासलं असतं.

नीरजानं शांतपणे विचारलं, कार्डावर थेंब कधी टाकले? श्रीरंग म्हणाला, सकाळी. खोक्यावर काय लिहिलंय? तिनंच सांगितलं, पाव तासात बघायचं आणि फेकून द्यायचं. त्यानंतर उठलेली रेघ रेघ धरायची नाही.

“घाईचं काम सैतानाचं,” अनंतराव गरजले.

तेव्हा नीरजानं ओढणीआडून दुसरं कार्ड काढलं नि सगळ्यांसमोर धरलं. त्यावरही ‘ए’समोर तशीच फिकट रेघ.

“हे कुणाचं?” साहेबरावनं विचारलं.

“कुणाचंच नाही. सकाळी यात मी नुसता डबीतला द्रव टाकला. ना नाक, ना पोर, ना पाखरू. आता बघा, त्यालाही पक्ष्यांचा ताप आलाय.”

एक म्हातारा फिसकन हसला आणि अनंतरावांची नजर पडताच खोकायला लागला.

नीरजा पुढं बोलत राहिली. साधा फ्लूही ‘ए’ असतो. खरी रेघ उठली असती तरी ती पाखरांकडं बोट दाखवत नव्हती. “चाचणी आधी कोऱ्या नमुन्यावर पारखावी लागते, बाबा. जी चाचणी कधीच नाही म्हणत नाही ती चाचणी नव्हे, ती हांजीहांजी. तुम्हाला पाखरांचा राग आहे, कार्ड तुमच्या रागाला हो म्हणालं, एवढंच झालं. पण पोरांना झालंय काय, ते अजून कुणीच शोधलेलं नाही. मला त्याची भीती वाटते.”

शहाणं बोलणं रागावलेल्या घोळक्याला शिवीसारखं लागतं. कुणी म्हणालं, हिला पोरीपेक्षा पिल्लं प्यारी. कुणी म्हणालं, शिकलेली सून म्हणजे घरात पाळलेला वकील. आणि अनंतरावांनी सगळ्यांदेखत सांगितलं, ‘माझ्या घरात राहून माझीच बेअब्रू करायची असेल, तर ती झाडं सकाळी पडतीलच, तूही त्यांच्यासोबत जागा शोध.’ श्रीरंग मान खाली घालून दोन्ही कार्डांकडं बघत राहिला. दोन्ही रेघा जुळ्या बहिणी होत्या.

सकाळी स्वरदाचा ताप उतरला. अनंतराव विजयानं फुलले. रात्री दिलेली फ्लूची गोळी लागू पडली, कार्ड खरं ठरलं! ते जेसीबीपुढं फोडायला नारळ घेऊन निघणार, इतक्यात त्यांची पत्नी भानुमतीबाई आतून म्हणाल्या, “अहो, पोरीचे हातपाय गार का लागतायत?” स्वरदा पोट धरून कण्हत होती. एकदा ओकली, नि मग हाकेला ओ देईना.

नीरजानं तिला चादरीसकट उचललं. अनंतराव दारात आडवे आले. ताप उतरलेल्या पोरीला कशाला फिरवता, म्हणाले. तेव्हा श्रीरंग जन्मात पहिल्यांदा बापाशी वर मान करून बोलला.

“सरका बाबा. माझं कार्ड खोटं होतं.”

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीला पाहिलं नि आधी सलाइन लावलं, मग रक्त घेतलं, मग घरच्यांना फैलावर घेतलं. त्यांच्याकडची चाचणी घड्याळ लावून झाली, शेजारी कोरा नमुना ठेवून झाली. डेंग्यू. ताप उतरतो तीच घातवेळ असते, अजून उशीर केला असता तर मला काही करता आलं नसतं, असं त्या सरळ तोंडावर म्हणाल्या. आजची रात्र निभावली तर पोर तुमची.

मग त्यांनी विचारलं, घरात पाणी साठवता का?

“साठवतो, पण आमच्याकडचं पाणी स्वच्छ असतं,” अनंतराव ताठ होत म्हणाले. “घाण त्या तळ्यात आहे.”

“या डासाला घाण चालतच नाही, आजोबा. त्याला स्वच्छ पाणी लागतं. साठवलेलं, न हलवलेलं. दिवसाढवळ्या चावतो.”

कोपऱ्यातून भानुमतीबाई म्हणाल्या, “पिंप.”

एवढंच. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला दिलेली ही सगळ्यात मोठी शिवी.

अनंतराव रिक्षा करून घरी आले. वाटेत मनात पिंपाची बाजू मांडत होते: आपण ते झाकलंय, आपण ते पुजलंय. दारात जेसीबी घरघरत उभा होता. साहेबराव म्हणाला, ‘नारळ तेवढा फोडा, काका.’ अनंतराव त्याच्याकडं न बघता जिन्याखाली गेले आणि धोतराची गाठ सोडायला लागले. सुटेना, तेव्हा ओढली. विरलेलं धोतर टर्रकन फाटलं.

पिंपातून डासांचा लोट त्यांच्या तोंडावर आला. खाली पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, आणि त्या स्वच्छ पाण्यात तांदळाएवढ्या अळ्या वळवळत होत्या. इतक्या, की पाणी उकळतंय असं वाटावं. अरे देवा! हेच का ते संकटाचं पाणी! बाहेरच्या शत्रूवर थाळी बडवत होतो, नि त्याची छावणी स्वतःच्या जिन्याखाली, स्वतःच्या हातानं हळदकुंकू वाहून पोसत होतो!

त्यांनी फाटलेलं धोतर भिरकावलं. मग ओरडले, “साहेबराव, इकडं ये. गोकुळचा ताप कसा आहे?”

“उतरला की रातीच. गप पडून हाय.”

“उचल त्याला! आत्ता दवाखान्यात ने. उतरलाय म्हणूनच ने! तुझ्याकडं पाण्याचं काय आहे?”

साहेबरावनं पिंपात डोकावून पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “माझ्याकडं सिमेंटची टाकी हाय, काका. उघडीच हाय,” एवढं म्हणून तो घराकडं धावत सुटला.

मशीनवर त्याचा चुलतभाऊ कडूबा बसला होता. त्यानं विचारलं, बाभळींचं काय करायचं? अनंतराव म्हणाले, बाभळींना पाणी घालायचं. कडूबाला वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं. पण अध्यक्षांचा हुकूम. पिंपाला दोर बांधला, जेसीबीनं ते उचललं, आणि झाडं पाडायला आलेलं ते धूड सगळ्या वसाहतीदेखत पिंप लोंबकळवत तळ्याकडं निघालं. मागून अनंतराव उघड्या उन्हात. बायका दारात आल्या. कालचा म्हातारा आज उघड हसला. बाभळीच्या बुंध्याशी पिंप उलटं केलं, आणि भेगाळलेल्या मातीनं ते इतक्या दुष्काळांचं पाणी अळ्यांसकट एका घोटात पिऊन टाकलं.

वरून एका शराट्यानं नेमक्या त्यांच्या टोपीवर शिक्का मारला. अनंतरावांनी वर पाहिलं. तोंडाशी आलेली शिवी त्यांनी गिळली. आयुष्यात पहिल्यांदा राग ताजाच टाकून दिला. मग दारोदार फिरून ओरडले, ‘पिंपं उपडी करा! घासा! सुकवा! मला काय बघता, माझ्यामुळं माझी नात मरायला टेकलीय!’

ती रात्र निभावली. स्वरदा वाचली, गोकुळही वाचला. दोघं शेजारशेजारच्या खाटांवर पडून एकमेकांना जीभ दाखवायला लागली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना घरी हाकललं.

श्रीरंग आता लॅब उघडली की पहिलं कार्ड कुणाचंच नसलेलं लावतो. ते कोरं राहिलं तर पुढचं काम. वेळ झाली की कार्ड कचऱ्यात. ‘नीट बघा की राव’ म्हणणाऱ्याला तो सांगतो, ‘नीट बघितलं, म्हणूनच नाही म्हणतोय.’ वसाहतीत आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळतात. त्या दिवशी प्रत्येक भांडं घासून उन्हात उपडं, आणि तपासायला अध्यक्ष स्वतः. नीरजाची माफी मात्र अनंतरावांनी मागितलेली नाही. पक्षी घाणेरडेच आहेत, असं ते रोज म्हणतात. पण बाभळींकडं कुणी कुऱ्हाड नेली, तर थाळी आता त्याच्या कानाशी वाजते.

वाचकहो, संकट आलं की आपण आधी शत्रू शोधतो आणि पुरावा मागाहून. आवडीचा शत्रू असला, की खोटी रेघही खरी दिसते. पण चाचणी खरी असेल तर ती आपल्या मनाविरुद्धही बोलते, आणि ते ऐकण्याची ज्याची तयारी नाही, त्याच्या अडाणीपणाची किंमत घरातलं सगळ्यात लहान माणूस मोजतं. दुसऱ्याचं झाड तोडायला निघण्याआधी प्रत्येकानं आपल्या जिन्याखालचं एक पिंप उघडून बघावं.

अनंतरावांचं पिंप आता तळ्याकाठी उपडं असतं. सकाळी त्यावर उभी राहून स्वरदा दुर्बिणीतून घरट्यांकडं बघते. पिल्लं आता उडायला लागलीत. खाली आजोबा तिचे पाय घट्ट धरून उभे असतात, आणि मान वर करून तक्रार करतात, “झालं का तुझं? माझी टोपी धुतलेली आहे.”