माझ्या कड्यावर खोटे हरणारे

सरळ बसा, मित्रांनो, आणि मध्ये बोलू नका. परवा एका गिऱ्हाइकाने माझ्याकडे बोट दाखवून "हे पिंपाचं झाकण कुणाचं?" असे विचारले. म्हणून आधी तेच स्पष्ट करते. मी ढकलाढकली या खेळाची जुनी फळी आहे. झाकण नव्हे.

एका कातारी कारागिराने मला लेथवर चढवून घडवले. माझ्या मध्यभागी त्याने एक उंच, अरुंद, गोल कडे कोरले आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल चर ठेवला. दोन्ही खेळाडूंच्या सोंगट्या त्या कड्यावर आलटून पालटून उभ्या करायच्या. आपल्या सोंगटीला एका बोटाने टिचकी मारायची आणि समोरच्याची सोंगटी चरात पाडायची. ज्याची सोंगटी शेवटपर्यंत कड्यावर टिकली, तो जिंकला. टिचकी मारताना बाही कड्याला लागली, तर पाळी गेली. यापलीकडे नियम नाहीत आणि यापेक्षा कमीही नाहीत.

मी एका शिंप्याच्या घरी आले. तेव्हा तो शिंपी नव्हता. नाक पुसत फिरणारा मुलगा होता, आणि त्याची थोरली बहीण त्याला रोज हरवून रडवत असे. त्या दोघांनी माझ्यावर जी भांडणे केली, त्यांचा मला आजही अभिमान आहे. सोंगटी पडली की नुसती टेकली, यावरून ती भावंडे जेवणाच्या वेळा विसरत. येणारे जाणारे माझ्या लाकडावरून हात फिरवून म्हणत, "काय गुळगुळीत आहे!" मी ते ऐकून घेत असे. खरे ते ऐकून घ्यायला संकोच कसला?

पुढे बहीण दुसऱ्या गल्लीत राहायला गेली आणि इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला लागली. शिंप्याला दोन मुले झाली. थोरला मुलगा माझ्यावर खेळला, धाकटी तर माझ्यावरच वाढली म्हणा. तिचा नेम बापापेक्षा सरस होता.

मग धाकटी जिन्यावरून पडली. उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, तरी बोटे पूर्वीसारखी वाकेनात, आणि त्या घराने माझा जो अपमान आरंभला, तो सांगताना अजूनही माझे कडे तापते.

ते मुद्दाम हरू लागले, मित्रांनो!

थोरला स्वतःची सोंगटी कोपराने खाली सारी आणि वर ओरडे, "अरेरे, गेली माझी! काय नेम आहे गं तुझा!" शिंपी चराच्या पलीकडे टिचकी मारून कपाळावर हात मारून घेई. टिचकीत जोर किती आणि सोंग किती, हे मला कळत नाही काय? मी फळी आहे, आंधळी नाही. धाकटीलाही ते कळत होते.

एके दिवशी शिंप्याच्या मांडीवर कोट होता आणि डोळे काजावर. धाकटीने सोंगटीमागे बोट नेले. त्याने मान वर न करताच म्हटले, "वा! काय टिचकी! पाडलीस की!"

"बाबा, मी अजून मारलीच नाही."

शिंप्याची सुई काजातच थांबली. धाकटीने सोंगट्या डब्यात भरल्या, झाकण लावले आणि ती उठून गेली. त्यानंतर तिने मला हात लावला नाही. आणि शिंप्याने काय केले? मला पालथे घालून माझ्यावर गरम इस्त्री ठेवली! माझ्या पाठीवरचा तो काळा त्रिकोण आजही आहे. पण खरे सांगते, इस्त्रीपेक्षा त्या खोट्या 'वा'ने मी जास्त भाजले.

एका सुट्टीच्या दिवशी आत्या आली. तिने इस्त्री उचलून बाजूला ठेवली, मला सुलटे करून पदराने पुसले आणि धाकटीला म्हणाली, "मांड."

"नाही. सगळे मुद्दाम हरतात."

"मी? मुद्दाम? तुझ्या बापाला विचार, मी त्याला किती रडवलंय ते."

डाव मांडला. आत्याने धाकटीच्या सोंगट्या एकामागून एक चरात लोटल्या. थोरला कळवळला, "आत्या, जरा सांभाळून! तिचा हात…"

"हात तिचा आहे. तू कशाला कण्हतोस?"

धाकटीचे डोळे भरले. मग तिने नाक ओढले आणि सोंगट्या पुन्हा उभ्या केल्या. पुन्हा हरली. तिसऱ्या डावात तिने विचारले, "अंगठ्यानं चालेल?"

"बोट एकच हवं. अंगठा बोटच आहे. पण बाही सांभाळ."

तिने अंगठा टेकवला आणि ढकलले. सोंगटी कड्यावरून सरकत गेली, आत्याच्या सोंगटीला भिडली. ती डुगडुगली, आणि चरात कोसळली.

"अगं ए भवाने!" आत्याने जमिनीवर थाप मारली. "बाही लागली तुझी! दाखव हात!"

"नाही लागली! रडी आत्या!"

"रडी कोणाला म्हणतेस? मी बघितलंय!"

"चष्मा पूस आधी!"

शिंपी धावत आला. आत्याने त्याला हाताने अडवले आणि धाकटीची बाही खरोखरच माझ्या कड्याशी धरून मोजून पाहिली. शेवटी फणकारून म्हणाली, "बरं. पडली." कित्येक महिन्यांनी माझ्यावर कोणी खरे बोलले होते. धाकटी तो डावही हरली, मित्रांनो. पण तिचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही.

तेव्हा माझे सांगणे नीट ऐका. ज्याचा हात दुखावला आहे, त्याच्यासाठी थांबा, त्याला हवा तितका वेळ द्या, त्याच्या सोंगट्या उचलून द्या. पण त्याच्यासमोर हरण्याचे नाटक करू नका. तुमची टिचकी खरी असेल, तरच त्याची टिचकी खरी ठरते. आणि हरलात, तर मनापासून चिडा. मला ते चालते.

आता बाजूला सरका. उजेड अडतो आहे. आजही डाव मांडला आहे, पाळी आत्याची आहे, आणि त्या बाहीवरचा तिचा राग अजून गेलेला नाही.