ब्रशवाल्या मावशींची फेरी

“आई, डावा पाय वर.”

सून धक्क्यावर खाली बसली होती आणि समोरच्या स्टुलावर, आयुष्यात पहिल्यांदा, मावशी. चोवीस वर्षं त्या इथेच खाली बसून लोकांचे बूट तपासत होत्या. पक्ष्यांच्या बेटावर बाहेरच्या गवताचं एक बीही जाता कामा नये, हा नियम. मोठमोठे साहेब आले, गुरगुरले आणि मुकाट मोजे उलटे करून गेले. मावशी मात्र बेटावर कधी गेल्या नाहीत. कर्मचाऱ्यांना सवलत नव्हती, आणि प्रवेशशुल्क म्हणजे दोन महिन्यांचा पगार.

निवृत्तीनंतर त्यांचं काम सुनेकडे आलं, आणि मावशींनी शुल्क भरलं, परवाना काढला, साठीपुढच्यांना लागणारा डॉक्टरचा दाखलाही आणला. आज हंगामातली शेवटची बोट. पुढच्या वर्षी हा परवाना चालणार नव्हता, आणि गुडघे चालतील याचीही खात्री नव्हती.

बूट स्वच्छ, मोजे नवे. सुनेनं पिशवी उलटी केली, तसा टपकन ब्रश पडला. मावशींचा जुना ब्रश, सवयीनं बरोबर आलेला. त्याच्या केसांत चोवीस वर्षांच्या बुटांतलं बी अडकलेलं.

“घ्या, पोलिसाच्याच घरी चोर,” बोटवाला हसला. “सोड गं, आपल्या मावशी आहेत. भोंगा द्यायचाय मला.”

“मावशी असोत नाहीतर मंत्री.” सुनेचे कान लाल झाले होते. “पिशवी इथेच राहील. तपासणी पुन्हा पहिल्यापासून.”

“बोट सुटेल की.”

“सुटू दे.”

घरी भाजीत मीठ कमी आहे म्हणायलाही चाचरणारी ही पोर. आणि ते मंत्र्याचं वाक्य मावशींनीच शिकवलेलं, फक्त त्यात तेव्हा मावशी नव्हत्या. त्यांना हसू आवरेना. त्यांनी शाल झटकली, पदर उलगडून दाखवला, पाय पुन्हा वर घेतला.

भोंगा वाजला.

“टाचेची खाच राहिली बघ,” मावशी म्हणाल्या.

सुनेनं खाच कोरली. “उजवा.” मग परवान्यावर शिक्का मारला. “पळा आता.”

मावशी पळाल्या. डॉक्टरच्या दाखल्यात पळण्याबद्दल काही नव्हतं. बोटवाल्यानं हात देऊन ओढून घेतलं.

तासाभरानं बेटाची पहिली पायरी आली. मावशींचा हात सवयीनं ब्रशसाठी खांद्यावरच्या पिशवीकडे गेला; खांदा मोकळा होता. वर कड्यावर हजारो पक्षी बसले होते. एकानंही मान वळवली नाही.

मावशींनी आधी डावा पाय टेकवला.