मिस सॉल्टचा हात

“वाचलं नाही म्हणजे काय, मिसेस बोदनार? तुम्हीच तर रंगवलंय ना हे?”

मलिकने एवढ्या मोठ्यांदा विचारलं की वर्तमानपत्रं चाळत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. मलिक हेंडरसन हा ब्रिजपोर्टच्या त्या लहानशा वाचनालयाचा ग्रंथपाल. इतरांना गप्प बसवणं हे त्याचं काम, पण कॉमिक्सचा विषय निघाला की त्यालाच गप्प बसवायची वेळ यायची.

“रंगवलं म्हणून वाचलंच पाहिजे असं थोडंच आहे?” मार्गित बोदनार म्हणाली. “शवपेट्या करणारा सुतार काय एकेकीत झोपून बघतो?”

टेबलावर दोघांच्या मध्ये ते पुस्तक पडलं होतं. ‘लाइटहाऊस सिक्स’, पहिले वीस अंक एकत्र, जाड पुठ्ठ्यात बांधलेले, मध्यम आकाराच्या टर्की कोंबड्याएवढं वजन. वाचनालयाच्या मासिक पत्रिकेत ‘नव्या वाचकांसाठी’ नावाचं सदर असे आणि गावातलं कुणीतरी त्यात एका पुस्तकाची ओळख करून देई. विणकामाची पुस्तकं नेणारी ही शहात्तर वर्षांची बाई तरुणपणी कॉमिक्स रंगवायच्या कारखान्यात होती, हे मलिकला आठवड्यापूर्वी कळलं, आणि तेव्हापासून तो तिच्यामागे हात धुऊन लागला होता.

“दोनशे शब्द फक्त. ज्यानं आयुष्यात एकही कॉमिक हातात धरलेलं नाही, त्याच्यासाठी. वाचावं का आणि सुरुवात कुठून करावी, एवढंच सांगायचं.”

“म्हणजे माझ्यासारखीसाठी.”

“म्हणून तर तुम्ही,” मलिक म्हणाला, आणि पुस्तक त्याने स्वतःच तिच्या चाकांच्या पिशवीत ठेवलं.

खरं सांगायचं तर त्या कारखान्यात रंगच नव्हता. खिडक्यांच्या कडेने पंधरा टेबलं, पंधरा बायका, आणि प्रत्येकीपुढे पारदर्शक फिल्म. एका पानाला नऊ फिल्म लागत: पिवळ्याच्या तीन, तांबड्याच्या तीन, निळ्याच्या तीन, फिका, मध्यम आणि गडद. शेजारच्या नमुन्यावर आकडे लिहिलेले असत: फिक्याला दोन, मध्यमला तीन, गडदला नुसतं रंगाचं नाव. ‘पिवळा दोन, तांबडा दोन’ म्हणजे फिका पिवळा आणि फिका तांबडा, दोन्ही एकावर एक छापले की माणसाच्या कातडीचा रंग. बायकांनी त्या त्या फिल्मवर तेवढाच भाग भरायचा, आणि तोही एकाच घट्ट तपकिरी रंगाने. खरे रंग दूर कुठल्यातरी छापखान्यात उमटत. पानंही उलटसुलट येत, एक इकडचं, एक तिकडचं. कोण कुणाला का मारतंय ते कळायच्या आत दुसरं पान पुढ्यात पडे. जन्मभर वाढपी राहिलेल्या माणसाला पंगतीची चव विचारावी, तसं मलिकने तिला विचारलं होतं.

पुस्तक वाचायला घेतलं त्या पहिल्या दिवशी मार्गितला हसू आलं. पडक्या दीपगृहात राहणारे सहाजण: पाण्याखाली श्वास घेणारा पाणबुड्या, हाताने लोखंड वितळवणारा ओतारी, एकमेकींच्या मनातलं ऐकणाऱ्या जुळ्या बहिणी, भिंतीतून आरपार जाणारा म्हातारा पोस्टमन आणि मिस सॉल्ट, जी सबंध मिठाची होती. मिठाची असल्यामुळे तिला गोळी लागत नसे, आणि मिठाची असल्यामुळेच तिला रडता येत नसे. रडली तर विरघळेल. दुष्ट माणसं मारण्याआधी अर्धं पान भाषण करत. ओताऱ्याने चड्डी पँटवरून घातली होती आणि त्याबद्दल त्याला कुणी काही बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती हसायची थांबली. तिसऱ्या दिवशी चुलीवरचं सूप करपलं.

सहाव्या अंकात एक सबंध पान नुसता समुद्र होता. ते पान तिला आठवलं. त्याची एकेक लाट भरत तिने दोन दिवस ब्रश चालवला होता आणि चित्रकाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आता तो समुद्र निळा होता. कडेला जांभळट, दीपगृहाचा उजेड पडला होता तिथे हिरवा, आणि मधोमध पोस्टमनची लहानशी होडी. मार्गितने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आपल्या हातून हे झालं होतं आणि आपल्याला ठाऊकच नव्हतं, याचं तिला इतकं नवल वाटलं की ती उठून सबंध घरात एक चक्कर मारून आली. सांगायला घरात कुणी नव्हतं. मग ती परत येऊन समुद्रापुढे बसली.

चौदाव्या अंकाची मात्र तिला धास्ती होती. तो नंबर ती पंचेचाळीस वर्षांत विसरली नव्हती.

सतरावं पान. पोस्टमन मरतोय, मिस सॉल्ट त्याचा हात धरून बसली आहे. बोटं बोटांत इतकी गुंतलेली की कोणतं कुणाचं ते कळू नये. त्या दिवशी मुलीला ताप होता, नवरा घर सोडून गेल्याला चार महिने झाले होते आणि मार्गितचं अर्धं लक्ष घड्याळात होतं. तिने दोन्ही हात एकच समजून भरून टाकले: पिवळा दोन, तांबडा दोन. मिठाच्या पांढऱ्या बाईला मनगटापासून पुढे माणसाचा हात आला. अंक छापून देशभर गेला तेव्हा न्यूयॉर्कहून फोन आला, आणि मुकादमीण पानाचा नंबर ओरडत टेबलांमधून फिरली. हे कुणाचं?

मार्गितच्या नावावर आधीच दोन चुका होत्या. तिसरी म्हणजे घरी. तिने तोंड उघडायला हवं होतं. ती खाली मान घालून ब्रश धूत राहिली, आणि शेजारच्या टेबलावरची फिलोमेना तावारेस उभी राहून म्हणाली, “चूक माझी.” न्यूयॉर्कपर्यंत गेलेली चूक, म्हणून फिलोमेनाला त्याच दुपारी काढून टाकलं. पुढे सव्वीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. गाव एकच, पण मार्गित तिला कधी धड भेटली नाही. नाताळला एक कार्ड पाठवायचं, कुणाच्या अंत्यविधीला दिसली तर मान हलवायची, झालं.

आता ती चूक तिच्यापुढे रंगीत पसरली होती. मार्गितने भराभर पानं उलटली, आणि सतराव्या अंकाच्या शेवटी वाचकांची पत्रं लागली. त्या वाचकांना एक खोडच होती. अंकात काही चुकलेलं सापडलं की ते नुसती तक्रार करत नसत, ती चूक का नाही हेही स्वतःच शोधून कळवत. एकाने लिहिलं होतं, तो दीपगृहाच्या दिव्याचा उजेड असणार. दुसऱ्याने लिहिलं होतं, बाईने हातमोजा घातलाय. तिसरं पत्र ओमाहाच्या एका नर्सचं होतं.

‘त्या हाताला कृपा करून चूक म्हणू नका. मी मरणाऱ्या माणसांचे हात धरून बसते, माझी नोकरीच ती आहे. मिस सॉल्टने त्याचा हात धरला म्हणून तेवढ्या वेळापुरती ती माणूस झाली. मला हे कुणी वेगळं समजावून सांगायची गरज पडली नाही.’

खाली संपादकाने दोनच शब्द लिहिले होते: ‘तसंच आहे.’ आणि विसाव्या अंकापासून खरोखर तसंच झालं. कुणाचा हात धरला की मिस सॉल्ट माणूस व्हायची, तिला थंडी वाजायची, गोळी लागायची, रडता यायचं. सोडला की पुन्हा मीठ.

मार्गितने मलिकला फोन लावला. “तो हात,” ती म्हणाली, “चौदाव्या अंकातला...”

“अहो, तो हात म्हणजेच तर सगळं,” मलिक म्हणाला. “त्याच्यावर पुढचे दोनशे अंक उभे आहेत. लोक दंडावर गोंदवून घेतात तो. का हो?”

“काही नाही. शेवटच्या पानावर काहीतरी छापलंय.”

“हो, वाचलंय मी. लेखक, चित्रकार, अक्षरं लिहिणारा, सगळ्यांची नावं मिळाली, फिल्म रंगवणाऱ्यांची मिळाली नाहीत. कुणाला माहीत असेल तर कळवा, पुढच्या आवृत्तीत घालू. तुमच्यासाठी प्रकाशकांचा फॉर्म काढून ठेवलाय. चौदाव्या अंकापुढे कुणाचं नाव लिहू?”

“मी लिहीन,” मार्गित म्हणाली.

नाव लिहिणं काही जमलं नाही. पत्रिकेसाठीचे शब्द एका बैठकीत त्या हातापर्यंत आले, पण फॉर्मवरची एक ओळ चार दिवस कोरी राहिली. पाचव्या दिवशी तिने पुस्तक पिशवीत घातलं आणि दोन बस बदलून फिलोमेनाच्या दारात उभी राहिली.

फिलोमेनाने दार उघडलं, मान किंचित तिरपी करून डोळ्यांच्या कडेने पाहिलं. “मार्गी? तू आलीस म्हणजे कोण गेलं?”

“कुणी नाही गेलं.”

“मग ये आत. आमच्याकडची काचुपा शिजतेय, घेवडा झाला पण मका अजून कडक आहे. डोळ्यांचं ऐकलं असशील. मधलं सगळं गेलं, कडेचं तेवढं दिसतं. रंग तर पार गेले. टोमॅटो आणि कांदा हाताने ओळखते.”

मार्गितने पुस्तकाबद्दल सांगितलं. फिलोमेना म्हणाली, वाच तू काय लिहिलंयस ते. मार्गितने कागद उलगडला.

“‘हे पुस्तक जड आहे, मांडीवर उशी घेऊन बसावं. पहिले तीन अंक हसत वाचले तरी चालतात. ही माणसं फार बोलतात आणि मग मारामारी करतात. चौथ्यापासून हसू येत नाही. सहाही जण ताकदवान आहेत, पण एकट्याने कुणाचंच भागत नाही, आणि हे कळायला त्यांना बराच वेळ लागतो. समुद्र बघायचा असेल तर सहावा अंक. फार घाई असेल तर चौदाव्यापासून सुरू करावं. त्यात सतराव्या पानावर एक हात आहे.’”

ती थांबली.

“पुढे?”

“पुढे लिहिलेलं नाही.” मार्गितने कागदाची घडी घातली. “फिल, तो हात मी रंगवला होता. तुला माहीत होतं. तू माझ्यासाठी उभी राहिलीस आणि मी तोंड शिवून बसले. नोकरी तुझी गेली. एवढं सांगायला मला पंचेचाळीस वर्षं लागली.”

फिलोमेना उठून भांड्यात डाव फिरवून आली.

“म्हणजे दुकानात मला बघून तू दुसऱ्या रांगेत शिरायचीस, ते यासाठी?”

“हो.”

“मला वाटायचं, माझ्या अंगाला शाळेच्या स्वयंपाकाचा वास येतो म्हणून.”

मार्गितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगावर ओरडली असती तर बरं, असं तिला वाटलं.

“आणि तुझ्यासाठी कोण उभं राहिलं गं? फार मोठी समजतेस स्वतःला,” फिलोमेना म्हणाली. “चूक माझी म्हटलं, कारण माझीच होती. तुझी पानं तपासायला कुणाकडे यायची?”

“तुझ्याकडे. पण तुझ्या नजरेतून सुटलं...”

“माझ्या नजरेतून? तेव्हा गरुडासारखी नजर होती माझी. नऊ फिल्म एकावर एक ठेवल्या, खालून दिवा लावला, की सगळे रंग मला दिसायचे. छापायच्या आधीच दिसायचे. तो हात बघितल्याबरोबर कळलं. खरवडायला पातं उचललं पण.” ती थांबली. “मग त्या बाईकडे बघितलं. चौदा अंक नुसती पांढरीफटक. माणूस मरतंय समोर आणि हिला रडायची सोय नाही. म्हटलं, राहू दे. एवढा एक हात राहू दे तिला. कोण बघतंय?”

“सगळ्या देशानं बघितलं, फिल.”

“हो ना. मेले डोळे फाडून बसलेले.” ती हसली. “आकड्याबाहेर जाऊन मनानं केलेलं माझं ते एकच काम. आणि त्यावरच घालवली मला. वाईट याचंच वाटायचं, की कसा दिसला तो ते मी कधी पाहिलं नाही. घरी आणायची छातीच झाली नाही. आता आणून काय.”

मार्गितने मग तिला नर्सचं पत्र वाचून दाखवलं. संपादकाचे दोन शब्द वाचले. विसावा अंक सगळा वाचून दाखवला, चित्रात काय आहे ते सांगत सांगत, आणि मलिकने सांगितलेले दोनशे अंक आणि लोकांचे दंड सांगितले. फिलोमेना तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होती. काचुपा खाली लागली तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

“दंडावर?” तिने एकदा विचारलं.

“दंडावर.”

“आणि तिला रडता येतं आता?”

“हात धरला की येतं.”

मार्गितने फॉर्म काढला. “नाव तुझं लिहिते.”

“ब्रश तुझा होता. दोघींची लिही,” फिलोमेना म्हणाली. “पण माझं आधी. नोकरी माझी गेली.”

मार्गितने तसंच लिहिलं, मोठ्या अक्षरांत. फिलोमेनाने फॉर्म डोळ्यांच्या कडेला नेला आणि काही न दिसताच मान हलवून परत दिला.

“आता तो हात दाखव.”

मार्गितने चौदावा अंक उघडून पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं, खाली उशी दिली. मग तिचं बोट धरून सतराव्या पानावर टेकवलं.

“इथे?”

“जरा वर. हां. इथे.”

बोटाखाली नुसता गुळगुळीत कागद होता. फिलोमेनाने त्यावरून एकदा मनगटाकडून बोटांकडे आणि एकदा उलट असं हळूहळू बोट फिरवलं.

“पिवळा दोन,” ती म्हणाली. “तांबडा दोन.”