ठेंगण्या दारावरची उशी

मित्रांनो, मी कोयनेकाठच्या पाटणातलं एक जुनं, ऐसपैस घर आहे. नऊ खोल्या, पुढं सोपा, परसात विहीर. वीस माणसं जेवायला बसली तरी दाटी होत नाही. खोट एकच. माझं दार ठेंगणं आहे. मला बांधणारे म्हातारबाबा म्हणायचे, घरात येणाऱ्यानं मान लववूनच यावं. ते स्वतः जेमतेम पाच फूट, त्यांचं काय जातंय!

त्यांचा नातू हंबीरराव मात्र ताडमाड वाढला. पलटणीतून रजेवर आला की आधी माझ्या चौकटीवर कपाळ आपटायचा. मला फार वाईट वाटे. शेवटी त्याच्या आईनं, रंगूबाईनं, जुन्या लुगड्याची उशी शिवून चौकटीच्या वर दोन खिळ्यांना अडकवली. मग डोकं लागायचं, पण दुखायचं नाही.

बेचाळीस साली हंबीररावाची पलटण होती ते सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि त्याची पत्रं थांबली. तीन वर्षं त्याचे वडील लालासाहेब रोज पोस्टाच्या वाटेकडं बघत सोप्यावर बसले. पेन्शनीतला हवालदार माणूस, पण आतून खचला.

"घर विकायचं. साताऱ्याला लेकीकडं जाऊ," ते एके दिवशी म्हणाले. "हितं खोलीखोलीत त्योच दिसतुया."

"आवं, पर पोरगं आलं तर कुणाच्या दारात हुबं ऱ्हाईल?"

लालासाहेब चावडीवर जाऊन सांगून आले. घर विकाऊ असल्याचं गावभर झालं.

आता एक गुपित ऐका. गिऱ्हाईक यायचं कळलं, की रंगूबाई हळूच उशी काढून पदराखाली घ्यायची आणि दाराआड उभी राहायची. नवं घर बघायला जावं आणि पहिल्याच पावलाला कपाळमोक्ष व्हावा, यापरता अपशकुन कोणता? नाथाजी आला, कपाळ चोळत उंबऱ्यावरूनच फिरला. केरबाचा तर पटकाच खाली पडला. त्यानं घरात पाऊलही टाकलं नाही. लालासाहेब बुचकळ्यात पडायचे. मला मात्र ह्या माउलीच्या कटात सामील व्हायला आवडायचं.

शेहेचाळीसच्या संक्रांतीनंतर कऱ्हाडचे गुळाचे व्यापारी तात्याबा यायचे होते. घर त्यांनी बाहेरून पाहून पसंत केलं होतं. रंगूबाईनं उशी काढली आणि दाराआड श्वास रोखून उभी राहिली. अंगणात पावलं वाजली. ठण्णकन आवाज झाला. पळालं गिऱ्हाईक, असं वाटून तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"आये," बाहेरून खोल गेलेला आवाज आला, "उशी कुठं गेली गं?"

जपान्यांच्या कैदेतून सुटलेला, नुसता हाडांचा सापळा झालेला हंबीरराव कपाळ धरून उभा होता. रंगूबाई दाराआडून धावत पुढं आली. पदराखालची उशी काढून तिनं त्याच्या कपाळाला लावली आणि हमसून हमसून रडली.

लालासाहेबांनी उशीकडं पाहिलं. "म्हंजे गिऱ्हाईकं तू पळवलीस व्हय?" म्हणाले आणि डोळे पुसत पुसत हसले. मागून तात्याबा आले, तेव्हा त्यांना सोप्यावर बसवून तिळगूळ दिला आणि परत पाठवलं.

मित्रांनो, घराची कौलं चाळा, भिंती सारवा. पण घर विकायला काढण्याआधी, त्यात कोण कुणाची वाट बघतंय तेवढं विचारा. आणि कधी पाटणाला आलात तर माझ्या दारातून मान लववून या. विसरलात तरी घाबरू नका. रंगूबाईनं उशी आता दुप्पट जाड शिवली आहे, आणि ती कुणासाठीच काढत नाही.